कोणत्या दिवसाची वॉरस्पाईट?

युद्धनौकेची प्रतिकृती नुसत्या नावावर बनत नाही. तिला तारीख लागते. या एका वाक्याचा अर्थ सावकाश उलगडून पाहायचा आहे. वाक्य तसं प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून जहाजं बनवणाऱ्यांच्या छंदातलं, पण ते छंदापाशी थांबत नाही. भूतकाळातली एखादी मोठी गोष्ट आपण डोळ्यांसमोर उभी करतो तेव्हा ती खरोखर होती तशी उभी करतो की आपल्याला आवडेल तशी, याचा कस या वाक्यावर लागतो.

उदाहरणाला ब्रिटिश नौदलाची 'वॉरस्पाईट' घेऊ. २६ नोव्हेंबर १९१३ रोजी डेव्हनपोर्टच्या गोदीत तिचं जलावतरण झालं आणि १९१५ मध्ये ती नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १९६ मीटर. चार बुरुजांत दोन-दोन अशा आठ तोफा, प्रत्येकीचं तोंड १५ इंचांचं आणि गोळा साडेआठशे किलोंहून जड. पहिलं महायुद्ध ती लढली आणि दुसरंही. किट बनवणाऱ्या कंपन्यांना हे जहाज फार प्रिय. ब्रिटनच्या एअरफिक्सने ते १/६०० मापात काढलं, चीनच्या ट्रम्पीटरने १/७०० मापात, कोरियाच्या अ‍ॅकॅडमीने १/३५० मापात. या शेवटच्या मापात वॉरस्पाईट साधारण ५६ सेंटिमीटर भरते आणि डेकवर उभा असलेला माणूस पाच मिलिमीटरचा होतो.

खोकं उघडलं की करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी हाती येतात. या छंदातली मंडळी त्यांना स्प्रू म्हणतात. प्रत्येक स्प्रूला डझनावारी भाग चिकटलेले आणि प्रत्येकाशेजारी क्रमांक. सोबत सूचनापुस्तिका. पुस्तिकेप्रमाणे भाग कापत, घासत, चिकटवत गेलं की शेवटी वॉरस्पाईट तयार होणार, असं नवख्याला वाटतं. पण थोडं काम पुढे गेलं की प्रश्न सुरू होतात. कॅटपल्टवर विमान ठेवायचं का? डोलकाठीवर रडारचा अँटेना बसवायचा का? हलक्या विमानवेधी तोफा किती? रंग साधा करडा की पट्ट्यापट्ट्यांचा? पुस्तिका एक उत्तर देते, जुना फोटो दुसरं, दुसरा फोटो तिसरं. गंमत म्हणजे यातलं एकही उत्तर चुकीचं नसतं. प्रत्येक उत्तर वेगळ्या दिवसाचं असतं, इतकंच.

आधी मोठे फरक पाहू. १९१६ सालच्या मे महिन्यात जटलंडच्या लढाईत वॉरस्पाईटचं सुकाणू अडकलं आणि जर्मन तोफांच्या माऱ्यात ती गोल गोल फिरत राहिली. त्या दिवशी तिला दोन धुरांडी होती. १९२४ ते १९२६ च्या दुरुस्तीत दोन्ही धुरांड्यांचा धूर एकत्र वळवून एकच धुरांडं केलं आणि पाणतीरांपासून रक्षण म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटे बसवले. मग १९३४ ते १९३७ या काळात पोर्ट्समथच्या गोदीत तिला जवळजवळ नव्याने बांधलं. जुने २४ बॉयलर काढून सहा नवे घातले. त्यातून वाचलेलं वजन डेकवरचं चिलखत जाड करायला वापरलं. जुनी तिपाई डोलकाठी आणि तिच्यावरचे मजले गेले, त्यांच्या जागी उंच ठोकळ्यासारखा ब्रिज आला. धुरांड्यालगत विमानांसाठी हँगर आलं. किनाऱ्यावरून १९१५ ची आणि १९३७ ची वॉरस्पाईट पाहणाऱ्याला ही दोन वेगळी जहाजं वाटली असती. ट्रम्पीटरने १/७०० मापात तिची दोन स्वतंत्र किटं विकायला काढली, एक १९१५ चं आणि एक १९४२ चं. त्यात कंपनीचा निव्वळ धंदा नव्हता. एका खोक्यातून दुसरी वॉरस्पाईट निघूच शकत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. वरचे मजले बदलले, रंग बदलला म्हणून काय झालं? गाभा तर तोच ना? तोच सांगाडा, तेच चार बुरूज, त्याच १५ इंची तोफा. मग तारखेचा हट्ट म्हणजे बारकाव्यांची हौस नव्हे का?

या आक्षेपाचं उत्तर ९ जुलै १९४० या दिवशी सापडतं. इटलीच्या टोकाशी, कॅलाब्रियाच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ब्रिटिश आणि इटालियन आरमारं समोरासमोर आली. वॉरस्पाईटने सुमारे २४ किलोमीटरांवरून 'जुलिओ चेझारे' या इटालियन युद्धनौकेवर गोळा बसवला. दोन्ही जहाजं वेगात चालत असताना इतक्या लांबून लागलेला गोळा ही नौदलांच्या इतिहासात अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. त्याच लढाईत 'मलाया' ही युद्धनौकाही होती. ती वॉरस्पाईटची बहीण, त्याच वर्गातली, त्याच तोफांची. मलायातल्या संस्थानांनी तिच्या बांधणीचा खर्च उचलला होता. तिनेही तोफा डागल्या, पण तिचे गोळे शत्रूच्या बरेच अलीकडे पाण्यात पडले. तोफखान्यावरच्या माणसांचा त्यात काही दोष नव्हता. मूळ रचनेत ही तोफ फार तर २० अंश वर उचलता येत असे आणि तिचा पल्ला साडेएकवीस किलोमीटरांच्या आसपास संपत असे. पुनर्बांधणीत वॉरस्पाईटच्या बुरुजांत फेरफार करून हा कोन ३० अंशांवर नेला आणि पल्ला २९ किलोमीटरांच्या घरात गेला. मलायाच्या वाट्याला हे काम आलं नव्हतं.

आता टेबलापाशी येऊ. १/३५० मापात १५ इंची तोफेचं तोंड जेमतेम एक मिलिमीटर भरतं. नळी स्प्रूवरून निपरने कापायची. साच्याच्या दोन अर्ध्या भागांमुळे तिच्या अंगावर बारीक रेघ राहते, ती अगदी मऊ पॉलिश पेपरने घासून काढायची. जास्त घासली तर नळीची गोलाई जाते. मग बोटांच्या चिमटीत फिरणाऱ्या लहानशा ड्रिलने तोंड कोरायचं. आधी सुईने मधोमध टोचा मारला नाही तर भोक हमखास कडेला सरकतं. असं आठ वेळा. शेवटी नळी बुरुजात बसवताना ती किती वर उचलायची हे ठरवायचं असतं. बसवणाऱ्याने ३० अंशांचा कोन दिला की त्याने १९३७ नंतरची वॉरस्पाईट पत्करली. जटलंडच्या दिवशी ती तोफ तिथवर जाऊच शकत नव्हती. वरच्या दहा अंशांत गोदीतलं तीन वर्षांचं काम आहे आणि कॅलाब्रियाची लढाई आहे. म्हणजे तारीख जहाजाच्या रंगरूपापुरती नसते. त्या दिवशी ते जहाज काय करू शकत होतं आणि काय नाही, हे तारीख सांगते. गाभा तोच असं म्हणणाऱ्याला कॅलाब्रियाला वॉरस्पाईटचा गोळा का पोचला आणि मलायाचा का नाही, हे सांगता येणार नाही.

शिवाय तो गाभाही तोच राहत नाही. क्रीटच्या लढाईत, २२ मे १९४१ रोजी वॉरस्पाईटवर बाँब पडला, उजव्या बाजूच्या तोफा उद्ध्वस्त झाल्या, माणसं मेली. दुरुस्तीसाठी ती थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रेमर्टनला गेली आणि तिथे तिच्या झिजलेल्या १५ इंची तोफाही बदलल्या. नाव मात्र नोंदवहीत अखंड राहिलं.

एकदा हे लक्षात आलं की मग वर्षावरही भागत नाही; महिना लागतो, कधी दिवस. १३ एप्रिल १९४० ला नॉर्वेतल्या नार्विकच्या फ्योर्डमध्ये ती शिरली तेव्हा तिच्या कॅटपल्टवरून उडालेल्या स्वोर्डफिश विमानाने पुढची टेहळणी केली आणि यू-६४ ही जर्मन पाणबुडीही बुडवली. त्या घटकेची प्रतिकृती करायची तर कॅटपल्ट रिकामा हवा. २८ मार्च १९४१ च्या रात्री ग्रीसच्या दक्षिणेला मटापानजवळ तिने आणि तिच्या साथीदारांनी 'झारा' आणि 'फ्यूमे' या इटालियन क्रूझर साडेतीन किलोमीटरांच्या आसपास गाठून उडवल्या. त्या रात्री रडार होतं ते तिची बहीण 'व्हॅलियंट' हिच्यावर. वॉरस्पाईटच्या डोलकाठीवर अँटेना नव्हता. रडार तिला ब्रेमर्टनच्या दुरुस्तीत मिळालं. मटापानची प्रतिकृती करणाऱ्याने रडारचा भाग स्प्रूवरच सोडून दिला पाहिजे. किटमध्ये भाग आहे म्हणून तो लावायचा असतो, असं नाही.

ब्रेमर्टनहून परतलेली वॉरस्पाईट १९४२ च्या वसंतात हिंदी महासागरात आली, पूर्वेकडच्या ब्रिटिश आरमाराची ध्वजनौका म्हणून. ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला, ९ तारखेला त्रिंकोमालीवर. ब्रिटिशांची 'हर्मिस' ही विमानवाहू नौका आणि दोन जड क्रूझर बुडाल्या. अ‍ॅडमिरल सोमरव्हिल यांनी जुन्या, संथ युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे पाठवल्या आणि वॉरस्पाईटसह वेगवान ताफा घेऊन ते मुंबईला आले. हा महिना मराठी वाचकाने आपल्या बाजूनेही पाहावा. क्रिप्स यांची बोलणी तेव्हा नुकतीच फिसकटली होती, आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. एप्रिल १९४२ ही तारीख घातली की वॉरस्पाईट ही सात समुद्रांवर सत्ता गाजवणाऱ्या साम्राज्याची विजयी निशाणी उरत नाही. सिंगापूर गमावून, सिलोनजवळ मार खाऊन आसऱ्याला आलेल्या आरमाराची ती ध्वजनौका असते. प्लॅस्टिक तेच, पण तारखेने तिचा अर्थ बदलला.

आणखी दोन तारखा. १६ सप्टेंबर १९४३ ला इटलीत सालेर्नोजवळ जर्मन विमानाने सोडलेला, रेडिओने दिशा दिलेला बाँब तिचे मजलेच्या मजले भेदून आत फुटला. हजारो टन पाणी आत शिरलं आणि तिला ओढत माल्टाला न्यावं लागलं. तळाचं भगदाड पुढे काँक्रीट घालून बुजवलं. एक बॉयलर खोली कायमची बंद राहिली, आणि नाळेकडून तिसरा बुरूज पुन्हा कामाला लागला नाही. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या जर्मन तोफखान्यांवर तिने मारा केला तो आठपैकी सहा तोफांनी. त्या दिवसाची प्रतिकृती करणाऱ्याने चारही बुरूज किनाऱ्याकडे वळवले तर चित्र फार रुबाबदार दिसेल, पण ते खोटं असेल. तिसरा बुरूज जहाजाच्या मध्यरेषेत स्थिर ठेवणं हेच तिथे सत्य आहे, आणि माझ्या मते रुबाबही त्यातच जास्त आहे. जखमी जहाज उरलेल्या बळावर लढलं ही गोष्ट एका न वळवलेल्या बुरुजाने सांगता येते.

तारीख ठरवायची कशी, हे कामही मोलाचं आहे. फोटो पाहायचे, पण फोटोवर लिहिलेल्या तारखेवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. विमानवेधी तोफा मोजायच्या, कारण युद्ध पुढे सरकलं तशा त्या वाढत गेल्या. कृष्णधवल फोटोवरून रंग सांगताना कोणती फिल्म होती याचाही विचार करायचा: त्या काळच्या एका प्रकारच्या फिल्मवर निळा रंग फिकट उतरे आणि लाल गडद. नौकेच्या अंगावरच्या गोल खिडक्या पाहायच्या. युद्धकाळात जहाजांच्या अशा पुष्कळ खिडक्या पत्रा मारून बंद केल्या गेल्या. किटमध्ये मात्र त्या बऱ्याचदा सगळ्याच उघड्या असतात. मग उरलेल्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा, मऊ झाला की दोन्ही टोकांनी अलगद ओढायचा. त्याची बारीक तार निघते. ती भोकात खोचून, चिकटवून, वाळल्यावर घासून सपाट करायची. एकेक खिडकी बुजवताना हात आपोआप थांबतो आणि विचारतो: ही त्या दिवशी बंद होती, याला पुरावा काय? पुराव्यासाठी इतका वेळ थांबायला लावणारे छंद फार नाहीत.

आता उलट बाजू. तारीख न ठरवता बनवलं तर काय होतं? नार्विकचं विमान घेतलं जातं, कारण ते छान दिसतं. १९४२ चे रंगाचे पट्टे घेतले जातात, कारण ते उठून दिसतात. १९४४ चं रडार घेतलं जातं, कारण भाग किटमध्ये आहेच. चारही बुरूज वळवले जातात. काम सफाईदार असेल, बघणारे वाहवा करतील, पण असं जहाज कोणत्याही दिवशी कोणत्याही समुद्रावर नव्हतं. त्यात प्रत्येक काळातलं वैभव तेवढं आलं आणि प्रत्येक काळातली उणीव गळाली. तारीख नसलेल्या आठवणीचा हाच दोष असतो. ती लबाडी करत नाही, फक्त चांगलं तेवढं उचलते. आणि अशा वेचीव खऱ्या गोष्टींतून उभी राहते ती मात्र न घडलेली गोष्ट.

जहाजाचं आयुष्य थोडं असलं तरी हा नियम सुटत नाही. 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही युद्धनौका १९४१ च्या जानेवारीत नौदलात आली आणि त्याच डिसेंबरात बुडाली. टामियाने तिचं किट काढलेलं आहे. मे महिन्यात ती 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेशी लढली तेव्हा तिच्यावर विमानांविरुद्ध रॉकेट सोडणारे मंच होते. नंतरच्या दुरुस्तीत ते काढून तिथे अनेक नळ्यांच्या विमानवेधी तोफा बसवल्या. ऑगस्टमध्ये तिच्यावरून चर्चिल न्यूफाउंडलंडला गेले आणि रूझवेल्ट यांच्याबरोबर अटलांटिक सनद जाहीर झाली. प्रत्येक देशाच्या लोकांना आपलं सरकार निवडण्याचा हक्क त्या सनदेत होता. सप्टेंबरात चर्चिल यांनीच ब्रिटिश संसदेत सांगितलं की हे भारताला लागू नाही. १० डिसेंबरला मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी तिला 'रिपल्स' या दुसऱ्या ब्रिटिश जहाजासह बुडवलं. दोन्ही मिळून ८४० माणसं गेली. मे, ऑगस्ट, डिसेंबर. एकाच वर्षातल्या या तीन प्रिन्स ऑफ वेल्स तीन निराळ्या गोष्टी सांगतात. कोणती सांगायची हे आधी ठरवावं लागतं.

कुणी म्हणेल, मग खरं जहाजच जपून ठेवावं, प्रतिकृतीची उठाठेव कशाला? ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धातली एकही युद्धनौका जपली नाही. लंडनमध्ये थेम्स नदीत उभी आहे ती 'बेलफास्ट', पण ती क्रूझर. वॉरस्पाईट भंगारात निघाली, १९४७ च्या एप्रिलमध्ये ओढून नेताना वादळात सुटली आणि कॉर्नवॉलच्या खडकांवर जाऊन बसली. तिथेच पुढची काही वर्षं तिचे तुकडे होत राहिले. अमेरिकेने आठ युद्धनौका जपल्या आहेत, पण त्यांनाही तारखेतून सुटका नाही. पर्ल हार्बरला उभी असलेली 'मिसूरी' पाहायला लोक जातात ते २ सप्टेंबर १९४५ साठी, जपानने शरणागतीवर सही केली त्या दिवसासाठी. पायाखालचं जहाज मात्र १९८० च्या दशकात टॉमहॉक क्षेपणास्त्रं बसवलेलं आहे. खरं जहाजही एका वेळी एकच दिवस दाखवू शकतं, आणि तो बहुधा त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस असतो.

मुंबईने हे जवळून अनुभवलं आहे. आपली पहिली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका दुसऱ्या महायुद्धातच ब्रिटनमध्ये 'हर्क्युलिस' या नावाने बांधायला घेतलेली. ती २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, पुढे दारूखान्यात तोडली गेली. संग्रहालयात लोक पाहत होते ते नाळेशी चढ असलेलं जहाज; तो चढ सी हॅरियर विमानांसाठी नंतर बसवलेला. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात लढली ती विक्रांत सपाट डेकची होती, तिच्यावर सी हॉक आणि अलिझे विमानं होती, आणि ती कॅटपल्टने उडत. आज १९७१ ची विक्रांत पाहायची तर फोटो, चित्रफिती आणि प्रतिकृती, एवढंच उरलं आहे. प्रतिकृती बनवणाऱ्याने नाळेशी चढ दिला आणि पाटीवर १९७१ लिहिलं, तर ती चूक क्षुल्लक म्हणून सोडून देता येणार नाही, कारण ती दुरुस्त करायला खरं जहाज आता नाही.

तारीख घालणं म्हणजे आवडत्या गोष्टीवर बंधन घालणं. जे त्या दिवशी नव्हतं ते कितीही सुंदर असलं तरी सोडायचं; जे होतं ते कितीही खुपलं तरी ठेवायचं. प्रेम करणाऱ्यालाच हे बंधन जड जातं, आणि म्हणून ते प्रेम करणाऱ्यानेच पाळायला हवं. जहाज असो, माणूस असो की राज्य, ज्याचा आपल्याला अभिमान आहे त्याचं चित्र उभं करताना पहिला प्रश्न तोच विचारावा: कोणत्या दिवसाचं? दिवस ठरला की कारणं दिसू लागतात, मर्यादा दिसू लागतात, आणि त्या मर्यादेत राहून लोकांनी काय केलं तेही दिसतं. अभिमानाला आधार याहून पक्का मिळत नाही. म्हणून किट आणलं की गोंदाची बाटली उघडण्याआधी कागदावर एक तारीख लिहावी, आणि ती तारीख ज्याला परवानगी देणार नाही असा प्रत्येक भाग, कितीही मोह झाला तरी, स्प्रूवरच राहू द्यावा.